जुन्या नादाचा नवा ढोल

एका जंगलात, मुलांनो, नदीकाठी एक ढोल टांगलेला होता. नदी फुगू लागली की दांडगोबा नावाचं अस्वल तो बडवायचं. तो ऐकून खालच्या सखल भागातली ससेवाडी टेकडीवर पळायची. ढोलाचं काम एवढंच. तुम्हाला ते लगेच कळलं, कारण तुम्ही लहान आहात.

एका उन्हाळ्यात हा ढोल मधोमध उकलला. ससेवाडीतली कोंडाबाई सशीण दरबारात गेली.

"म्हाराज, पावसाळा तोंडावर आलाय. पोरं बिळात झोपत्यात. नवा ढोल द्या."

सिंहमहाराजांनी ताबडतोब दखल घेतली. म्हणजे समिती नेमली. अध्यक्ष कोल्हेबुवा. त्यांनी आयुष्यात कधी ढोल वाजवला नव्हता, त्यामुळे त्यांचा कान अगदी शाबूत होता.

कोल्हेबुवांनी उकललेल्या ढोलाला कान लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"ढोल कातड्याच्या पानात नसतो, लाकडी खोडात असतो," ते अखेर म्हणाले. "आजोबांच्या काळी शिवणीच्या अख्ख्या ओंडक्यातून खोड कोरायचे. जाड भिंत, आत छिन्नीचे खड्डे. आवाज उशिरा यायचा, पण खोलातून यायचा. वडिलांच्या काळी मोठी झाडं संपली. मग पातळ फळ्या वाकवून, एकावर एक चिकटवून खोड करू लागले. ते लांबुळकं होऊ नये म्हणून आत लाकडी कडी बसवली. आवाज मऊ झाला, उबदार झाला. आणि आता? पत्रा! नुसता कडकडाट. संस्कारच नाहीत!"

"पर लांब जातो ना?" कोंडाबाईने विचारलं.

"कोण?"

"आवाज."

"बाई, ऐकू येणं ही फार ढोबळ गोष्ट आहे."

समितीने आजोबांचा काळ निवडला. ओंडका आला. सुतारपक्ष्याने खोड कोरलं, पान चढवलं. दांडगोबाने टिपरू हाणलं. आवाज थेट टेकडीपलीकडे गेला. ससेवाडीने टाळ्या वाजवल्या.

कोल्हेबुवांचा चेहरा पडला. "नवा वाटतो."

"नवाच आहे, बुवा," सुतारपक्षी म्हणाला.

"तीच तर खोट! जुन्याच्या खोडाला एक चीर होती, तिच्यावर लोखंडी पट्टी होती. सगळा नाद त्या चिरेत!"

खरी गोष्ट अशी की जुनं खोड कोरताना सुतारपक्ष्याच्या आजोबांच्या चोचीखाली तडकलं होतं आणि बिचाऱ्यांनी लाजेकाजेस्तव पट्टी मारली होती. हे सांगायला सुतारपक्ष्याने चोच उघडली. पण तेवढ्यात कोल्हेबुवा त्याच्या आजोबांना द्रष्टे कलावंत म्हणाले, तेव्हा त्याने ती मिटली. तुम्हीही मिटली असती.

मग नवं खोड मुद्दाम तडकवण्यात आलं. चिरेवर पट्टी बसली. तरी नाद कोवळाच लागतो म्हणून खोडात वाळवी सोडली. वाळवीने मन लावून काम केलं. सरकारी कामात इतकी तत्परता त्या जंगलाने पूर्वी पाहिली नव्हती.

"आता मुरला!" कोल्हेबुवा म्हणाले. दांडगोबाला शाल मिळाली. शाल मिळाल्यावर त्यालाही नाद मुरल्यासारखा वाटू लागला.

पाऊस आला. नदी फुगली. दांडगोबाने शाल सावरून टिपरू हाणलं. ढोल "भस्स" म्हणाला आणि खोडाचा भुगा त्याच्या पायांवर पडला.

पाणी चढताना कोंडाबाईनेच पाहिलं. सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काठावर पडला होता. तिने तो पालथा घातला आणि मागच्या पायांनी बडव बडव बडवला. कडकडाट झाला. ससेवाडी टेकडीवर पोहोचली, सगळीच्या सगळी.

पाणी ओसरल्यावर कोल्हेबुवा आले. माफी मागायला आले असतील, असं वाटलं ना? गोड आहात.

त्यांनी डब्याला कान लावला. "अहाहा! पत्र्याचा सुवर्णकाळ! आणि हे पोचे बघा, अस्सल आहेत. हा डबा राजवाड्यात हवा."

"न्या बापडे. पर नदी फुगली की वाजवायला परत द्या," कोंडाबाई म्हणाली.

"वाजवायला? बाई, वारसा वाजवत नसतात."

श्रावणात नदी पुन्हा फुगली. डबा काचेच्या पेटीत होता. ससेवाडीला काहीच ऐकू आलं नाही. पाणी बिळात शिरल्यावर कोंडाबाई पोरांना ओढत टेकडीवर गेली. धाकटं मागेच राहिलं. ते पुन्हा सापडलं नाही. हे सांगताना मला अजून संताप येतो, पण बोधकथा सांगणाऱ्याने संतापायचं नसतं म्हणे.

शोकसभेत कोल्हेबुवा बोलायला उठले. एवढ्या पुरातही डब्याला साधा ओरखडा आलेला नाही, असं सांगून त्यांनी कोंडाबाईचं सांत्वन केलं.

तात्पर्य : मुलांनो, एखादी वस्तू खरोखर जीव वाचवत असेल, तर जाणकारांसमोर ती अगदी कुचकामी आहे असंच सांगत जा. त्यांना ती आवडली, की ते ती जपून ठेवतात.