नाव न घेता

पाळकसाहेब कुणाचंही नाव घेत नसत, आणि भिंगरीच्या आईचं डोकं नेमकं त्यानंच फिरायचं. चर्चच्या साप्ताहिक पत्रकात मागच्या पानावर ते दर रविवारी मनन लिहीत, विषय श्रद्धा आणि रोजचं जगणं. श्रद्धा सगळ्या मंडळीची, रोजचं जगणं मात्र हिच्या एकटीचं. प्रार्थनेच्या वेळी तिनं झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं, तर पुढच्या रविवारी 'अल्पविश्वास' या मथळ्याखाली 'आपल्यातील एक तरुण माता' हजर. गॅस बंद केला की नाही या शंकेनं ती उपदेशाच्या मध्येच उठून घरी जाऊन आली, तर 'मागे वळून पाहणारे'. आणि या रविवारी 'ओझे'. एक तरुण माता तासाभराच्या उपासनेला मुक्कामाची बॅग घेऊन येते, आपणही काळज्यांची अशीच बॅग वाहत नाही का, वगैरे वगैरे.

ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींनी दारातच तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे मायेनं पाहिलं. "कुणाबद्दल लिहिलंय गं यांनी?" त्या म्हणाल्या. "आणि फार जड आहे का?"

घरी तिनं पत्रक नवऱ्यापुढे आपटलं. नाव कुठे घेतलंय, असं त्याचं म्हणणं पडलं. मंडळीत तरुण माता आहेत किती, असं तिनं विचारल्यावर तो बोटं मोजायला लागला आणि पहिल्याच बोटावर थांबला. सासूबाईंना तर यात तक्रारीसारखं काही दिसतच नव्हतं. घरातलं कुणीतरी छापून येतंय याचंच त्यांना अप्रूप, त्यामुळे सगळी मननं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. आपली मुलगी उद्या वाचायला शिकेल आणि आईची ही कीर्ती पहिल्यांदा त्याच दारावर वाचेल, या विचारानं भिंगरीच्या आईची झोप उडाली.

शनिवारी दुपारी ती भिंगरीला काखेत आणि बॅग खांद्यावर मारून पाळकसाहेबांच्या घरी थडकली. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून झालं होतं. पाळकसाहेब टेबलाशी बसून मननच लिहीत होते. थोड्याच वेळात एक लग्न लावायचं होतं, त्यामुळे काळा शर्ट अंगात होता. त्याच्या कॉलरमध्ये सरकवायची, पाळकांच्या गळ्यातली पांढरी पट्टी मात्र टोचते म्हणून काढून टेबलावर ठेवलेली.

"मी काय तुमची उदाहरणांची वही आहे का?" इथपर्यंत तिचं भाषण अगदी ठरल्यासारखं झालं. पुढच्या वाक्याला 'टप' असा आवाज आला.

भाषणासाठी खाली सोडलेल्या भिंगरीला सध्या फट दिसली की काहीतरी सरकवायचा नाद होता. कोपऱ्यात चर्चची दानपेटी होती आणि तिला फट होती. टेबलावरची पट्टी आत गेली.

पेटी उघडायला दोन विश्वस्तांच्या दोन किल्ल्या एकदम लागत, म्हणजे कुणा एकट्याला मोह व्हायला नको. त्यातले एक विश्वस्त मुलीकडे गावाला गेलेले. दुसरी पट्टी कुठे म्हणून विचारलं तर काकू, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या की ती त्यांनी मागच्याच आठवड्यात टोमॅटोच्या रोपाला बांधली. इतकी मऊ पण चिवट पट्टी बाजारात मिळत नाही. तिथून सोडून आणली तर ती हिरवी झालेली. मग पुठ्ठा कापून पाहिला, तो वाकेना. कागद लावला, तो घामानं गळ्यातच विरघळायला लागला. समोर चर्चच्या आवारात वऱ्हाड जमू लागलं होतं.

भिंगरीच्या आईनं बॅग उघडली. मुलीच्या पावडरीचा डबा बाहेर काढला, पांढराशुभ्र, प्लॅस्टिकचा, हवा तसा वाकणारा. नखं कापायची कात्री काढली. आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

"आधी वचन द्या."

"कसलं?"

"यापुढे तरुण माता बंद. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. कुणाला माझा नुसता संशयसुद्धा यायला नको."

"अहो, पण इतकं जिवंत उदाहरण मी दुसरं कुठून आणू?"

"स्वतःचं द्या."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडे, एकदा डब्याकडे पाहिलं आणि वचन दिलं. पट्टी अशी चपखल बसली की काकूंनी दोन जास्तीच्या मागून घेतल्या. लग्नभर वेदीपाशी तान्ह्या बाळाचा वास दरवळत होता आणि नवरी शिंकत होती, एवढंच.

रविवारी भिंगरीची आई आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाचं मागचं पान न घाबरता उघडून बसली. मथळा होता 'प्रसंगावधान'. एक विसराळू सेवक ऐन कार्याच्या वेळी गळपट्टी गमावून बसतो; तेव्हा एक भगिनी बॅगेतला साधा डबा कापून त्याची लाज राखते; अशा दूरदृष्टीला आपण उगाच काळजी म्हणून हसतो, याबद्दल सेवक मंडळीची क्षमा मागतो. वाचता वाचता तिनं पायाशी ठेवलेली बॅग मांडीवर घेतली. शेवटची ओळ अशी होती: 'या भगिनी वयाने ज्येष्ठ असून संगीताद्वारे मंडळीची सेवा करतात.'

बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या, हिच्या डोक्यावरून, ऑर्गनकडे.

उपासनेनंतर मावशींभोवती ही गर्दी. मावशी आधी गोंधळल्या, मग पत्रक वाचलं, मग त्यांनी नजर खाली वळवली. "आपण कोण करणारे," त्या म्हणाल्या. "देवानं करून घेतलं." शनिवारचं काहीच ठाऊक नसलेला नवरा त्या गर्दीतून परत येऊन बायकोला सांगू लागला की मावशींकडून खरंच शिकण्यासारखं आहे, बघ, असं शांत डोकं पाहिजे.

ती तरातरा दारापाशी उभ्या पाळकसाहेबांकडे गेली.

"ही ज्येष्ठ भगिनी कोण?"

"नाही ना ओळखू आलं?" पाळकसाहेबांचा चेहरा फुलला होता. "शब्द म्हणजे शब्द. फक्त खुद्द मावशींनासुद्धा हे आपणच केलं असं वाटेल, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"पुढच्या रविवारचं लिहून झालंय?"

"कसलं लिहिणार? तुम्ही विषयच बंद करून टाकलात."

तिनं भिंगरीला नवऱ्याच्या हातात दिलं आणि पदर खोचला.

"मग घ्या लिहायला," ती म्हणाली. "एक तरुण माता. आणि या वेळी वय बरोबर घाला."