स्फटिक काही होईनात

तीन आठवडे झाले तरी काकूंच्या फ्लास्कमधला पदार्थ पातळ मधासारखा चिकटच्या चिकट राहिला होता, आणि परीक्षा त्याच दिवशी दुपारी दोन वाजता होती.

'काकू' हे नाव वर्गातल्या पोरापोरींनी पहिल्याच दिवशी पाडलेलं. वय शेहेचाळीस. बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी गोळ्या विकल्या. एकदा एका म्हातारबोवांनी गोळी उलटसुलट करत विचारलं, "बाई, आपल्याला जायचंय ते डोक्यात की गुडघ्यात, हे हिला कसं कळतं हो?" तो प्रश्न काकूंच्या मनात असा काही रुतून बसला, की लेक बारावीला बसली त्याच वर्षी आईने विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राला नाव घातलं. आता शेवटचं वर्ष होतं.

प्रकल्प म्हणून सरांनी त्यांना एका वेदनाशामक औषधाचा लांबचा भाऊ बनवायला दिला होता. काकूंनी तो बनवला. पण त्याचे पांढरे, कोरडे स्फटिक झाल्याशिवाय तो किती अंशांना वितळतो हे मोजता येणार नव्हतं, आणि ते मोजल्याशिवाय तो शुद्ध आहे असं कुणी मानणार नव्हतं. थोडक्यात, स्फटिक नाहीत तर वर्ष गेलं.

"सोपा पदार्थ आहे हो, काकू," सर म्हणाले. ते वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होते. "बर्फात ठेवा आणि काचेच्या दांडीनं आतून खरवडा. ओरखडा पडला की स्फटिकांना धरायला जागा मिळते."

संसारभर करपलेली पातेली घासलेल्या बाईला 'खरवडा' म्हणताना माणसानं जरा जपून म्हणावं. त्यातच लेकीचा फोन आला.

"आई, झाले का गं?"

"कुठले! मख्खासारखं बसलंय बर्फात."

"मग लाव ना जोर!"

काकूंनी जोर लावला. टच्च! फ्लास्कचं बूड खाली राहिलं आणि उरलेला फ्लास्क हातात आला. आतला पिवळा, काकवीसारखा राब ओट्यावरून सावकाश, पण ठाम निश्चयाने, सरांच्या गुणांच्या रजिस्टरकडे निघाला.

"अगं बाई!" म्हणत काकूंनी अंगातला ॲप्रन काढून त्याच्यावर टाकला. राब ॲप्रनमध्ये मुरला खरा, पण रजिस्टर दोन्ही बाजूंनी माखलं. काचा गोळा करून, हात धुऊन त्या वळतात तोच दाराशी आवाज आला.

"लवकर आले, चालेल ना?"

दोनला यायच्या परीक्षक बाई साडेबारालाच हजर! सर रजिस्टरकडे न बघताच लगबगीने पुढे झाले. "या ना, या! तेवढी सही करा रजिस्टरवर." बाईंनी कोपर टेकवून सही केली आणि त्या सरळ उभ्या राहिल्या. रजिस्टरही उभं राहिलं. सरांनी ते ओढलं, तेव्हा एक पान फर्रकन फाटून बाहीवरच राहिलं.

"सर," बाई थंडपणे म्हणाल्या, "तुमच्या अख्ख्या वर्गाचे गुण माझ्या बाहीला लागलेत."

सर पांढरेफटक पडले. स्फटिक सोडून त्या खोलीत बाकी सगळं पांढरं होत होतं. काकूंनी ॲप्रन धूर ओढणाऱ्या कपाटात पसरून ठेवला आणि त्या बाईंसमोर जाऊन बसल्या.

"पदार्थ कुठं आहे?"

"थोडा ॲप्रनवर, थोडा तुमच्या बाहीवर."

बाईंचा ओठ जरासा हलला. "असू द्या. मला सांगा, वेदनाशामक गोळीला दुखणं कुठं आहे ते कळतं कसं?"

काकूंना बावीस वर्षांचं काउंटर आठवलं. "कळत नाही, मॅडम. ती रक्ताबरोबर सगळीकडे हिंडते. पण जिथं दुखणं असतं तिथं वेदना वाढवणारी रसायनं जास्त बनत असतात. ती बनवणाऱ्या प्रथिनात ही जाऊन बसते, कुलपात मोडक्या किल्लीचा तुकडा अडकावा तशी. मग दुसरी किल्ली चालत नाही."

पुढची वीस मिनिटं प्रश्न थांबले नाहीत आणि काकूही थांबल्या नाहीत. मग बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली.

"अहो, तुमच्या ॲप्रनला बुरशी आलीय का?"

काकूंनी वळून पाहिलं. ॲप्रनच्या जाड सुतावर पांढऱ्या, बारीक सुया उगवल्या होत्या. काचेच्या ओरखड्यांना दाद न देणाऱ्या पदार्थाला सुताचे धागे आवडले होते! "स्फटिक!" म्हणून काकू अशा ओरडल्या, की सर खुर्चीतून उठले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "परीक्षेची वेळ दोनची आहे. मला घाई नाही."

काकूंनी सुया अलगद उचलल्या. बहुतेक सगळ्या काचेच्या नळीत गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून, धागे गाळून काढले आणि राखून ठेवलेल्या दोन सुया त्या थंड होत आलेल्या द्रावणात सोडल्या. पाहता पाहता नळी बर्फ पडल्यासारखी भरून आली. वाळवून मोजलं, तर सगळं एकशे बेचाळीस अंशांना एका दमात वितळलं, म्हणजे शुद्ध होतं. बाईंनी गुण लिहिले, बाहीवरचं पान सोलून सरांच्या हातात दिलं आणि त्या निघाल्या.

काकूंनी लेकीला फोन लावला. "झाले गं!"

त्यांचं नाक पुसून होईपर्यंत सर थांबले. मग त्यांनी कपाटाच्या तळातून धुळीने माखलेली एक बाटली काढली. आत पिवळा राब होता.

"हा कुणाचा?" काकूंनी विचारलं.

"माझा. विद्यार्थी होतो तेव्हाचा. एकोणीस वर्षं झाली, हाच पदार्थ."

"आणि मला म्हणालात सोपा आहे म्हणून?"

"अवघड आहे म्हटलं असतं, तर घेतला असतात तुम्ही?" सर बाटलीशी चाळा करत राहिले. मग शेजारघरी वाटी घेऊन आल्यासारखे हळूच म्हणाले, "काकू, चिमूटभर देता का? विरजणापुरतं."

काकूंनी सुरीच्या टोकावर चार कण घेऊन बाटलीत सोडले. दोघं वाकून बघत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग कणांभोवती एक पांढरा ठिपका उमटला, त्याला काटे फुटले आणि ते काचेपर्यंत पसरत गेले.

बाटली छातीशी धरून सर व्हरांड्यात धावले. परीक्षक बाई फाटकापाशी पोचल्या होत्या.

"मॅडम! अहो मॅडम, थांबा जरा! माझेही झाले!"