ऑरोरा: व्युत्पत्ती, विभक्ती आणि ठराव

मूल जन्मल्यानं घराची फक्त लोकसंख्या वाढते. प्रतिष्ठा नावानं वाढते. म्हणूनच माझी पुतणी घरी येताच आम्ही नामकरण समिती नेमली. आजोबा अध्यक्ष, माझा भाऊ (मुलीचा बाप) सचिव, मी सदस्य. वहिनी विशेष निमंत्रित. (मताचा अधिकार नाही, मूल मात्र तिच्याच मांडीवर.)

वहिनीचं म्हणणं साधं होतं. तिची आई नात बघायला राहिली नाही, बाळंतपणाच्या थोडी आधीच गेली.

"आईचं नाव ठेवू या ना. उषा."

"अगं, उषा नावाच्या बायका आता पेन्शन घेतात," भाऊ म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. वहिनीला रडू आलं. ते 'ऐनवेळचे विषय' या सदरात घेण्यात आलं.

भावानं 'ऑरोरा' हे नाव शोधून आणलं होतं. आख्ख्या शाळेत दुसरी सापडता कामा नये, एवढीच त्याची अट. खातरजमेसाठी लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना बोलावलं.

त्यांचा अहवाल समाधानकारक होता. ऑरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवी. रोज सूर्यासाठी दार उघडते. प्रियकरासाठी तिनं अमरत्व मागून घेतलं, तारुण्य मागायचं मात्र राहिलं. (इथे अध्यक्षांनी विषय बदलला.) शब्द स्त्रीलिंगी, आकारान्त. विभक्त्या सहा, म्हणजे आपल्यापेक्षा कमी, सांभाळायला सोप्या. हाक मारताना रूप बदलत नाही, त्यामुळे पाहुण्यांचीही सोय.

"आता व्युत्पत्ती," मास्तर म्हणाले. "हा मधला 'र' मूळचा नाहीच. दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या 'स'चा तिकडे 'र' होतो. जुनं रूप औसोसा असं काहीतरी. आपल्या उषेची सख्खी बहीणच ती. नाव एकच हो."

वहिनीनं तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केली.

"मग उषाच ठेवा."

समितीनं साधकबाधक विचार केला. दोन्ही नावं एकच असल्याचं सिद्ध झाल्यामुळे वहिनीची मागणी तत्त्वतः मान्य करण्यात आली, आणि 'ऑरोरा' एकमतानं मंजूर झालं. आजोबांनी वहिनीचं अभिनंदनही केलं. ती बाळाला घेऊन आत गेली. आतून तिनं "उषे" म्हणून हाक मारलेली आम्हा सगळ्यांना ऐकू आली. मला फार वाईट वाटलं. पण ठराव झाला होता.

आमची ही पद्धत काहींना हास्यास्पद वाटेल. त्यांनी खुशाल हसावं, आणि हसून झालं की आपल्या आईच्या आईचं नाव सांगावं. आलं ना चटकन? आता तिच्या आईचं सांगा. सावकाश आठवा, आम्ही थांबतो.