केवळरामाची कानाची परीक्षा

पाहुणा घरी आला का आमच्या कुरखेड्यात लोक त्याच्याकडं तोंड करून बसतात. माझा शेजारी केवळराम पाठ करून बसते. पाहुण्याले कीबोर्डापुढं बसवते, स्वतः भिंतीकडं वळते आन् म्हणते, "दाबा भाऊ, कोणतंही दाबा."

तोंड फिरवून बोलणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाई. शाळा मी चौथीत सोडली, पण माणसं ओळखाले शाळा लागत नाई.

हा केवळराम झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत होता. धान घरात आलं का गावोगावी नाटकं, आन् प्रत्येक मांडवात हा. मग नाटक कंपनीनं रेकॉर्डचं संगीत आणलं, ह्याले घरी बसवलं. आता एका इंग्रजी शाळेले संगीताचा मास्तर पाहिजे. पण आधी नागपूरले जाऊन पाश्चात्य संगीताची परीक्षा पास व्हा म्हणतात. तिथं कानाचाही पेपर असते. परीक्षक तीन सूर एकदम दाबते, ते झालं कॉर्ड. न पाहता त्याची जात सांगायची, मेजर का मायनर. दोन कॉर्ड एकामागं एक वाजवले का झाला केडन्स. सुरांचं बोलणं पुरं झालं का अर्ध्यावर राह्यलं, तेही कानानंच ओळखायचं.

सरावाले दाबणारा दुसरा माणूस लागते. बायको होती तोवर ती दाबत होती. ती गेली, पोरगी कोरपन्याले सासरी. म्हणून मी.

मले सुरातलं काई कळत नाई. त्यानं बायकोच्या उरलेल्या टिकल्या पट्ट्यांवर चिकटवून देल्या. तीन लाल दाबल्या का मेजर, तीन हिरव्या दाबल्या का मायनर; केडन्साले आणखी दोन रंग.

पहिल्या दिवशी मी हिरव्या दाबल्या.

"बहिणीची पाठवणी!" केवळराम म्हणाला.

"जात सांग ना बाबू, जात!"

"पोरगी रडून राह्यली भाऊ, आयकू येत नाई का तुमाले?"

"मले टिकल्या दिसून राह्यल्या."

"मायनर मग."

केडन्स पुरा झाला का हा म्हणे, "पडदा पडला, चला घरी!" अर्ध्यावर सोडला का म्हणे, "दारात पोलीस आला!" नागपूरचा परीक्षक ह्याले बाहेर काढते का काय, असं मले वाटे. मी रागावून रागावून त्याच्या तोंडात परीक्षेचे शब्द बसवले.

हळूहळू सगळंच बरोबर याले लागलं. तेव्हा मले संशय आला, हा टिकल्या चोरून पाहते. मी कपाटाच्या आरशावर दुपट्टा टाकला. त्याच्यासमोरचा पाण्याचा चकचकीत पितळी गुंडही हलवला.

"भाऊ, माह्या डोळ्यात मोतीबिंदू हाय," तो म्हणाला.

"चोर असंच सांगतात."

तरी बरोबर! शेवटी मी म्हणालो, "पक्का झाला तू. फारम भर. माझं काम सरलं."

दुसऱ्या दिवसापासून सगळं चुकाले लागलं. लालले मायनर म्हणे, हिरव्याले मेजर. "अजून कच्चा हाय भाऊ. उद्या या." फारमची तारीख जवळ येऊन राह्यली होती, आन् शाळा काई थांबणार नव्हती. नापास होण्यात ह्याचा काय फायदा? काईतरी भानगड आहे, हे मी ताडलं.

एका सकाळी मी कुंपणाआड उभा राह्यलो. केवळराम अंगणात भाजी निवडत होता. बाजूले मोबाईल कॉर्ड वाजवून राह्यला होता आन् हा वर न पाहता सांगत होता, "मायनर. मेजर. अर्ध्यावर. पुरा." मोबाईल त्याचं उत्तर आयकून दर खेपेले टिंग करून बरोबर म्हणे. एकही चूक नाई. मधामधात हा फाटकाकडं पाहे, मग पुन्हा भाजी.

मी खाकरलो. त्यानं झटकन मोबाईल बंद केला, घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

मी हिरव्या दाबल्या.

"मेजर," तो म्हणाला.

पट्ट्यांवरून मी बोटं उचलली नाईत. सूर बराच वेळ वाजत राह्यला.

"केवळराम, उद्या फारम भर. परीक्षा देऊन ये, नोकरी धर. मग संध्याकाळी मले शिकवत जा."

तो भिंतीकडंच पाहत होता. तसाच म्हणाला, "तुमाले लवकर नाई जमणार भाऊ. लई दिवस लागतीन."

"लागू दे," मी म्हणालो.