गोविंदभाऊंना हळू बोलता येत नाही

गोविंदभाऊंनी कानात सांगितलेली गोष्ट आमच्या अख्ख्या गल्लीला कळते. सकाळी ते दूधवाल्याला "आज अर्धाच लिटर!" म्हणतात, तेव्हा नव्या भाडेकरूंना वाटतं भांडण लागलं. जुन्यांना एवढंच कळतं की आज त्यांच्याकडे पाहुणे नाहीत. कुणी दचकलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "राग नाही भाऊ, आवाजच असा हाये."

याला कारण आहे. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर ज्याचा जन्म गेला, तो एक तर ओरडतो, नाहीतर हातांनी बोलतो. सगळे लूम एकदम खडखडायला लागले की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. म्हणून कारखान्यात खुणा असतात. चिमूट झटकन उघडली की धागा तुटला. पाच बोटं तोंडाशी नेली की जेवण आलं. डोक्यावर हातांचं छप्पर करून दोन्ही हात छातीशी ओढले की घरी चल. हवेतल्या हवेत दांडा ओढला की लूम चालू कर. त्यांची मुलगी रूपाली लहानपणी डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहायची आणि पाच बोटं तोंडाशी न्यायची. बाकीच्या खुणाही ती तिथंच उभ्या उभ्या शिकली.

ही रूपाली पुढे शिकून नॉर्वेला नोकरीला गेली. तिथं तिनं लार्सशी लग्न केलं आणि मग फोनवर सांगितलं. गोविंदभाऊ फोनमध्ये म्हणाले, "मंग आता इकडं येऊच नको!" गल्लीनं ते ऐकलं. रूपालीनंही ऐकलं, आणि ती खरंच आली नाही. पुढे कित्येक वर्षं फोन आला की वहिनी बोलायच्या आणि गोविंदभाऊ उगाच अंगणात जाऊन सायकल पुसायचे.

यंदा तिनं आईवडिलांना तिकिटं पाठवली. या, गाडीनं देश दाखवते. वहिनींचे गुडघे नाही म्हणाले, म्हणून त्यांच्या जागी माझी वर्णी लागली. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, तेव्हा दुभाषा. निघण्याआधी तापीच्या राजघाटावर बसलो असताना पलीकडच्या जैनाबादकडे बघत गोविंदभाऊ म्हणाले, "सर, तो शब्द मले वापस घ्यायचा हाये. तिले घरी ये म्हणायचं. बस, एवढंच काम." घाटावर कपडे धुणाऱ्या दोन बायका मागे वळून बघायला लागल्या.

एवढंच काम होतं, पण होईना. लार्स गाडी चालवायचा, डोंगर थेट पाण्यात उतरायचे, आणि गोविंदभाऊ कौतुक करायचे. "पाणी लई साफ हाये!" ते बोटीवर म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं कॉफी उचलून आत गेलं. लार्स दर वेळी मला विचारायचा, "चिडलेत का?" मी दर वेळी सांगायचो, "आवडलंय त्यांना." तो मान हलवायचा, पण त्याला ते पटत नसे. रूपाली त्यांना जपून, मोजकंच विचारायची, "पाणी हवंय का पप्पा?" त्यापुढे दोघांचीही गाडी जात नव्हती.

एका संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही तालीम केली. गोविंदभाऊ म्हणाले, "बेटी, घरी ये!" पलीकडून कुणीतरी भिंत ठोकली.

"सर, हे तं धमकी वाटून राहिली."

"जरा हळू म्हणा ना."

त्यांनी प्रयत्न केला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग ते खिडकीशी जाऊन बसले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. जगातलं सगळं ओरडून सांगता येतं, पण माफी कशी मागायची?

परतीचं विमान परवावर आलं आणि गोविंदभाऊ गप्प झाले. गाडीत त्यांचा आवाज नाही ही गोष्ट मलाच सहन होईना.

दुपारी एका वळणावर रस्त्याला अगदी खेटून धबधबा आला. तुषार काचेवर उडत होते. आम्ही उतरलो. आवाज एवढा की लार्स माझ्याशी काही बोलला ते मला कळलंच नाही. गोविंदभाऊंचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी खुलला. कारखान्याच्या दारात उभे असावेत, तसे ते निवांत उभे होते.

रूपाली पुढे कठड्यापाशी होती. डबे गाडीत होते. तिनं वळून हाक मारली असावी, ती पोचली नाही. मग तिचा हात आपोआप वर गेला आणि पाच बोटं तोंडाशी आली. जेवायचं का?

गोविंदभाऊ त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं, चिमूट झटकन उघडली आणि ते बोट स्वतःच्याच छातीवर आपटलं. माझ्या तोंडानं धागा तुटला. मग डोक्यावर हातांचं छप्पर केलं आणि दोन्ही हात छातीशी ओढले. एकदा, परत एकदा.

रूपाली हलली नाही. तिचा चेहरा ओला होता, सगळा काही तुषारांनी नव्हे. मग तिनं स्वतःकडे बोट केलं, कॅमेरा पुसणाऱ्या लार्सकडे केलं, आणि दोन बोटं वर धरली. दोघं?

गोविंदभाऊंनी लार्सकडे नीट बघून घेतलं. मग खांद्यापासून जोर लावून हवेतला दांडा ओढला. लूम चालू कर.

लार्स माझ्या कानात ओरडला, "काय म्हणतायत?" मी दुभाषा म्हणून आलेला माणूस, पण हे सगळं त्या आवाजात कसं सांगणार? मी म्हणालो, "लंच."

आम्ही गाडीत बसलो, दारं लागली आणि एकदम शांतता झाली. तेवढ्यात मागून गोविंदभाऊ गरजले, "जावईबापू! रस्ता ओला हाये, गाडी हळू घ्या!"

लार्स दचकला आणि सवयीनं त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तोच पुढच्या सीटवरून रूपाली त्याला इंग्रजीत म्हणाली, "राग नाही. आवाजच असा आहे."