आपल्या भाषेतला संगणक

रविवारी सकाळी नऊ वाजता नेमिनाथ मगदुमांनी, म्हणजे अण्णांनी, संगणक सुरू केला आणि तो कन्नडमध्ये उठला.

शनिवारी दुपारी जेवून आडवं होईपर्यंत तो चांगला मराठीत होता. आता खालची पट्टी कन्नड, कोपऱ्यातली सूचना कन्नड, कचऱ्याच्या डब्याचं नावसुद्धा कन्नड. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. अक्षरं तशीच होती, फक्त जास्त स्वच्छ दिसायला लागली.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर अण्णांनी त्याला खुर्चीतनं उठवून स्वतः बसकण मारली असती. शाळेतनं हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून ते निपाणीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे संगणकतज्ज्ञ होते. ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती, पण कुणी काढूनही घेतली नव्हती. मुलगी अनुराधा नोकरीला हुबळीला गेली, जाताना आपला जुना संगणक घरी ठेवून गेली, आणि अण्णांना आयुष्याचं काम सापडलं. दर रविवारी सकाळी सहाला मंडळाच्या ग्रुपवर त्यांची टीप पडायची. 'मशीन अडलं तर बंद करून चालू करावं.' 'वाचल्याशिवाय कुठंही हो म्हणू नये.' 'संगणक नेहमी आपल्या भाषेत वापरावा, भीती जाते.' अशा एकोणपन्नास टिपा झाल्या होत्या. पन्नासाव्या टिपेच्या निमित्तानं आज अकरा वाजता मंडळाचे आठ जण घरी येणार होते, आणि अण्णा त्यांना याच संगणकावर दुरुस्तीचं प्रात्यक्षिक दाखवणार होते.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? निपाणीत कन्नड वाचता न येणं हा काही गुन्हा नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना येत नाही आणि ते तसं उघड सांगतात. बोलायला सगळ्यांना येतं. अण्णांचं बोलणं तर असं की चिकोडीच्या बाजारात त्यांना कुणी मराठी समजत नसे. पण अक्षरं म्हणाल तर सगळी त्यांना एकाच आईची लेकरं वाटत. कोण थोरलं, कोण धाकटं, काही पत्ता लागत नसे.

खरी भानगड वेगळीच होती. चौतीस वर्षांपूर्वी अण्णा सदलग्याला मुलगी बघायला गेले, तेव्हा भावी सासऱ्यांनी एकच अट घातली होती, की जावयाला कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. मुलगी आतल्या दारात उभी होती. तिच्याकडं एकदा बघून अण्णांनी छातीठोकपणे सांगितलं, येतं. सासऱ्यांनी लगेच हातात कन्नड पेपर दिला. पहिल्या पानावर उलटलेल्या ट्रकचा फोटो होता. अण्णांनी दोन मिनिटं गंभीरपणे पानावर नजर फिरवली आणि अस्सल कन्नडात म्हणाले, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. सासरे खूश झाले, लग्न ठरलं. तेव्हापासून त्रिशला समजून होती की आपल्या नवऱ्याला कन्नड वाचता येतं, आणि ती तसंच समजून राहावी म्हणून अण्णांनी काय काय केलं नव्हतं! बसची पाटी वाचण्याऐवजी ते कंडक्टरची परीक्षा घेतल्यासारखं "ही कुठली सांग बघू" असं विचारत. चौतीस वर्षांत त्यांचा चष्म्याचा नंबर फक्त कन्नड मजकुरासमोरच वाढत असे.

त्रिशला आत्ता बसदीत, जैन मंदिरात, गेली होती, दहाला परतणार होती. म्हणजे हातात एक तास होता. नेमिनाथा, अण्णा स्वतःशी म्हणाले, एकोणपन्नास टिपा लोकांना वाटत सुटलास, त्यातली एक तरी स्वतःला लाव.

त्यांनी पहिली टीप लावली: बंद करून चालू करावं. बंद करायच्या बटणावर तीन कन्नड शब्द आले. अण्णांनी मधला दाबला. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि एक चक्र गरगरायला लागलं. खाली दोन ओळी कन्नड आणि आकडा मात्र इंग्रजी, चार टक्के. मशीननं स्वतःला अद्ययावत करायला घेतलं होतं. अशा वेळी काय करावं याची टीप अण्णांनीच लिहिली होती: 'काहीही करू नये.' ते पस्तीस मिनिटं काही न करता बसून राहिले. आयुष्यात इतकी मेहनत त्यांना कधी पडली नव्हती.

मशीन पुन्हा उठलं ते नवं कोरं होऊन, पण कन्नडमध्येच. मग त्यांनी अनुराधाला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, की समजा एखाद्या माणसाच्या मशीनची भाषा बदलली तर त्यानं कुठं जावं. तिनं सेटिंगमध्ये जायला सांगितलं. दातेरी चाकाचं चित्र असल्यामुळं तिथवर अण्णा पोचले.

"आता पप्पा, डाव्या बाजूला काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा," अनुराधा म्हणाली.

"आवाज तुटाय लागलाय गं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. वास्तविक आवाज खणखणीत येत होता.

मग त्यांना फोनच्या कॅमेऱ्याची आठवण झाली. एकविसाव्या टिपेत त्यांनीच सांगितलं होतं, की परक्या लिपीतल्या पाटीचा फोटो काढला की फोन अर्थ सांगतो. त्यांनी पडद्याच्या एका कोपऱ्यावर फोन धरला. फोननं उत्तर दिलं: 'वेळ आणि भाषा'. अण्णा चिडले. इथं घर पेटलंय आणि हे कीर्तन कसलं करतंय, असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि अंदाजानं सगळ्यात वरच्या ओळीवर टिचकी मारली.

आत एक यादी उघडली. तिच्यात चार शब्द होते. चार म्हणजे मराठी, इंग्रजी, हिंदी, कन्नड, दुसरं काय असणार? अण्णांनी तिसरा निवडला, हिंदी तरी हिंदी. पडदा क्षणभर काळा पडला आणि सगळं चित्र डोक्यावर उभं राहिलं. मध्ये एक चौकट आली, तिच्यात दोन बटणं, आणि एक आकडा पंधरापासून खाली उतरायला लागला. अण्णांनी घाबरून पहिलं बटण दाबलं. पुढं त्यांना कळलं की ती यादी भाषांची नव्हती, पडदा फिरवायची होती, आणि ती चौकट विचारत होती, हे असंच ठेवायचं का. आणि काहीच केलं नसतं तर मशीननं स्वतःहून सगळं सरळ केलं असतं. वाचल्याशिवाय कुठंही हो म्हणू नये, ही टीप कुणाची होती ते सांगायला नको.

आता पडदा उलटा झाला. खरं सांगायचं तर कन्नड उलटं काय आणि सुलटं काय, अण्णांना सारखंच. पण येणाऱ्या आठ जणांना ते दिसलं असतं. त्यांनी मॉनिटरच उलटा केला आणि पडू नये म्हणून मागं रव्याचा डबा लावला. चित्र सरळ झालं, पण गडबडीत माउसही उलटा धरला गेला, उजवीकडं नेला की बाण डावीकडं पळायला लागला. अण्णाही मग उलटे वळून, पाठीमागं हात करून माउस चालवून बघत होते, तेवढ्यात त्रिशला दारात आली.

तिनं नवऱ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि पूजेचं ताट खाली ठेवलं.

"व्हायरस शिरलाय," अण्णा म्हणाले.

"बरं," त्रिशला म्हणाली. "माझा रव्याचा डबा कशाला घेतलाय? उप्पीट करायचंय मला."

घड्याळात सव्वादहा झाले होते. सांगून टाकावं असं एकदा तोंडापर्यंत आलं. पण चौतीस वर्षं झाकलेलं उप्पिटाच्या रव्यापायी उघडं करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी जुनं हत्यार काढलं. आज डोळ्यापुढं अंधारी येतेय, म्हणाले, जरा इथं बस आणि काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच, बघू तुला शाळेतलं कितपत ध्यानात राहिलंय.

त्रिशलानं डबा काढून घेतला, मॉनिटर होता तसा सरळ करून जागेवर ठेवला, उलट्या अक्षरांपुढं मान वाकडी करून बसली आणि धडाधड वाचायला लागली. आणि काय चमत्कार! तिनं उच्चारलेला शब्द न् शब्द अण्णांना कळत होता. डोळ्याला जे दगड होतं ते कानाला लोणी झालं. ती वाचे, ते सांगत, हे दाब, ते दाबू नको. दोन मिनिटांत चित्र पायावर उभं राहिलं. अण्णांच्या आवाजात हेडक्लार्क परत आला.

"समय मत्तु भाषे," त्रिशलानं पुढची ओळ वाचली.

वेळ आणि भाषा. अण्णांनी खिशातल्या फोनवर हळूच हात ठेवला. बिचाऱ्यानं अर्ध्या तासापूर्वीच वाट दाखवली होती, ऐकणारा शहाणा निघाला नाही.

तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. तो माउसवर कसा सराईत चालला होता. अण्णा 'दाब' म्हणायच्या आधी ती दाबत होती, ते 'पुढं' म्हणायच्या आधी पुढं गेलेली असे. या बाईनं संगणकाला कधी हात लावला नव्हता. म्हणजे अण्णांनी लावू दिला नव्हता, तुझ्या आवाक्यातलं नाही म्हणून.

"तुला हे कुठनं येतंय?" त्यांनी विचारलं.

त्रिशलानं शांतपणे सांगितलं. गेले दोन महिने अण्णा दोन ते चार झोपतात तेव्हा ती इथं बसते. आई दळताना जी कन्नड गाणी म्हणायची ती तिला आठवतील तशी लिहून काढायची होती, आईमागं ती कुणालाच येत नाहीत. एकोणचाळीस लिहून झाली होती. कसं करायचं ते अण्णांच्या टिपा वाचून शिकली. आपल्या भाषेत वापरावं असं त्यांनीच लिहिलं होतं, आणि गाण्यांची भाषा कन्नड, म्हणून तिनं मशीन कन्नड केलं.

"रोज चार वाजता परत मराठी करून ठेवत होते," ती म्हणाली. "काल शेजारची जयाबाई आली मिरच्या निवडाय, राहून गेलं."

खरं तर इथं गप्प बसायचं. पण चौतीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली असते. अण्णा ताठ होऊन म्हणाले, "परत मराठी कशाला करायची? मला कन्नड येतंय की."

त्रिशलानं माउस सोडला आणि त्यांच्याकडं बघितलं. अण्णांनी आधी पडद्याकडं, मग छताकडं, मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलं, आणि त्यांना हळूहळू उजाडत गेलं, की ज्या बाईनं साठ दिवस, रोज न चुकता, चार वाजता मशीन मराठी करून ठेवलं, तिला काय काय ठाऊक असणार.

"कधीपास्नं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या पत्रापास्नं."

"कुठलं पत्र?"

"आमच्या दादाचं. तुमी चष्मा न्हाय म्हणालासा आणि मला वाचाय लावलं. त्यात दादानं लिहिलं होतं, त्रिशलाला आठ दिवस धाडा. मी पंधरा वाचलं. तुमी पत्राकडं निरखून बघून म्हणालासा, व्हय, पंधराच लिहिलंय." त्रिशलानं पदरानं तोंड पुसलं. "मग मी कशाला बोलतेय? पुढं घरात फोन येईस्तोवर दर उन्हाळ्यात मला महिना मिळत गेला."

अण्णांना आधी राग यायला हवा होता, पण यायला लागलं ते हसूच. ते इतकं यायला लागलं की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. बायकोला फसवतोय म्हणून चौतीस वर्षं मनातनं शरमलेला माणूस, आणि हिशेब बघावा तर दर उन्हाळ्यात महिनाभर आपल्या हातचा जाडाभरडा भात तोच खात बसलेला! असा तज्ज्ञ, अण्णांना वाटलं, पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही.

फाटक वाजलं. मंडळाचे चिटणीस भावकू बाकीच्या सात जणांना घेऊन अंगणात आले होते, चपला काढायचा आवाज येत होता. त्रिशलानं घाईनं भाषांच्या यादीत मराठी निवडली. पडद्यावर एक शेवटची चौकट आली, दोन ओळींची, खाली दोन बटणं. तिचा हात मात्र थांबला.

"काय म्हणतंय?" अण्णांनी दाराकडं बघत विचारलं.

आतापर्यंत तिनं सगळं कन्नडात वाचलं होतं. ही चौकट तिनं सरळ मराठीतच वाचली. "म्हणतंय, आजपास्नं दोन ते चार हे मशीन घरच्या बाईचं. आणि प्रात्यक्षिक चालू असताना उप्पीट कुणीतरी दुसऱ्यानं परतायचं. कबूल असंल तरच मराठी हुतंय."

अण्णांनी पडद्यावरच्या दोन ओळींकडं बघितलं, मग बायकोकडं. भावकू उंबऱ्यात येऊन उभे होते. अण्णांनी चष्मा नीट बसवला, पुढं वाकून दोन्ही ओळी सावकाश, शेवटच्या टिंबापर्यंत न्याहाळल्या आणि मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले, "तसंच लिहिलंय," आणि रव्याचा डबा घेऊन आत गेले.