उंटिणीची भाकर

हे बघा, आमच्या घरात वडिलोपार्जित दागिना एकच आहे, आणि तो म्हणजे माझी स्मरणशक्ती! चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, ती गोष्ट वेगळी. पण चौथीत असताना, पन्नास वर्षांपूर्वी, शाळेनं चांदूर रेल्वेहून अमरावतीला नेऊन टॉकीजमध्ये दाखवलेला चित्रांचा, म्हणजे कार्टूनचा, सिनेमा मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. परदेशी सिनेमा, पण बोलणं हिंदीत. वाळवंटात वादळ येतं, उंटाचं पिल्लू आईपासून चुकतं, आणि शेवटी एका विहिरीवर आई भेटते. तिच्या पाठीवर हिरवी झूल, बाजूला कंदील, आणि पिल्लाला पाहिल्याबरोबर ती खेकसते, "कुठी मेला होता रे इतका वेळ? भाकर थंडी झाली ना!"

"हिंदी सिनेमातली उंटीण वऱ्हाडी कशी बोलते जी?" असं आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे ज्योत्स्नानं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"डबिंग!" मी म्हणालो. विषय संपला.

आता मूळ मुद्दा. आमची मुलगी पौर्णिमा नर्स आहे. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी ती पुण्याला गेली. जावयांची नोकरी फिरतीची, त्यामुळे आठ वर्षांची नात दीक्षा अकोल्याला, जठारपेठेत, आमच्याकडे राहायला आली. पहिला महिना बरा गेला. मग पोरगी आईवर अशी रुसली की बारा दिवस फोनवर यायलाच तयार नाही! पौर्णिमाचा फोन आला की आतून आवाज यायचा, "तिले सांगा, मी अभ्यास करून राहिली." हे भर उन्हाळ्याच्या सुट्टीत! आणि झोपताना मात्र आईचा जुना ॲप्रन उशीखाली. मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात मोबाईलवर बातमी वाचली. अमरावतीच्या एका थिएटरात जुने चित्रांचे सिनेमे मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवणार होते, आणि त्यात रविवारी दुपारी आमचा उंट! मी खुर्चीवरून उठलोच. पोरीला सिनेमा दाखवायचा. हरवलेली आई शेवटी भेटते हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बाहेर आल्याबरोबर पुण्याला फोन लावायचा. औषध, मात्रा, वेळ, सगळं ठरलं!

"सव्वाचारची परतीची गाडी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "तेवढं ध्यानात ठेवा."

"माझ्या ध्यानाबद्दल तू बोलतेस?"

रविवारी आम्ही तिघं अमरावतीला पोहोचलो. थिएटरात दिवे मालवले आणि मी नऊ वर्षांचा झालो. तेच वाळवंट, तोच हातानं रंगवलेला पिवळाजर्द सूर्य! मला राहवेना. "आता वादळ येईल," मी दीक्षाच्या कानात सांगितलं. वादळ आलं. "आता कोल्हा फसवेल." कोल्ह्यानं फसवलं. आसपासची पोरं माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. उंटिणीची झूल तेवढी लाल निघाली. पन्नास वर्षांत रंग उडाला असेल, मी म्हटलं.

इंटरव्हलनंतर मात्र काय झालं कोण जाणे, एकही प्रसंग ओळखीचा येईना. मी "आता कोंबडा येईल" म्हणावं आणि यावी घोरपड! पिल्लू एकटं एकटं चालत राहिलं. पुढच्या रांगेतलं एक पोरगं मुसमुसायला लागलं, त्याचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. दीक्षा रडत नव्हती. तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. शेवटी मी उठून उभा राहिलो आणि अख्ख्या थिएटराला सांगितलं, "रडू नका रे पोरांनो! शेवटी विहिरीवर माय भेटते! माही गॅरंटी!"

पिल्लू विहिरीवर पोहोचलं. तिथं कोणी नव्हतं. ते पाणी प्यालं. एका परक्या काफिल्यातल्या म्हाताऱ्या उंटानं सरकून त्याला जागा करून दिली. सगळे चालायला लागले. सूर्य उगवला. समाप्त!

"कापला!" मी ओरडलो. "शेवट कापला!"

पाच मिनिटांत मी मॅनेजरच्या टेबलापुढे होतो, आणि माझ्या मागे रडक्या पोरांचे बारा-पंधरा आईबाप. "काकाजीनं गॅरंटी देली होती!" "आमचा पोरगा चूप होऊन नाही राहिला!" "पुरा सिनेमा दाखवा!" मॅनेजर म्हणजे आकांक्षा नावाची तरुण मुलगी. बिचारी हात जोडून सांगत होती, "काका, आता रीळ नसते जी. कम्प्युटरवरून चालते. कापणार कोण?"

"मी साक्षीदार उभा करतो!" मी म्हणालो. चांदूरला माझा बालमित्र देवमन राहतो. त्याच वर्गातला, त्याच बाकावरचा. फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. इथंच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"देवमन, तो उंटाचा सिनेमा आठवते काय?"

"आठवते ना बे!"

"शेवटी माय भेटते का नाही?"

"भेटते ना! विहिरीवर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकांक्षाचा चेहरा उतरला. मी मिशीवरून हात फिरवला.

"पण ते सिनेमात कुठी हाये?" देवमन पुढं बोलला. "ते तं ढोके गुरुजीनं गाडीत सांगतलं. इंटरव्हल झालं आन् गुरुजी उठले ना, 'चला रे, चांदूरची पॅसेंजर चुकते!' आपुन सारे रडून राहिलो होतो, सिनेमा अर्धा राहिला म्हणून. मंग त्यायनं बडनेऱ्यापासून मालखेडपर्यंत उरलेला सिनेमा सांगतला. उंटासारखी मान करू करू!"

"म्हणजे गुरुजीनं तो आधी पायला होता?"

"कायचा पायते! ते बी आपल्यासंगच उठले ना!"

मागं कोणीतरी खुदकन हसलं. तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. पण मी बुडत्यासारखा काडी शोधत होतो.

"आन् ते 'भाकर थंडी झाली' कोण म्हणते मंग?"

"ते तं तुई माय बोलली बे! चांदूरच्या ठेसनावर! गाडी उशिरा आली, आन् चतुराबाई हिरव्या लुगड्यात, हाती कंदील घेऊन उभी. तुले तं बोललीच, आमाले बी बोलली!"

माझी माय जाऊन बारा वर्षं झाली. मला तिचा तरुणपणचा चेहरा नीट आठवत नाही म्हणून मी मनातल्या मनात किती वेळा स्वतःला दोष दिला असेल! आणि ती तर तिथंच होती, विहिरीच्या काठावर, मी रोज सांगत असलेल्या गोष्टीत. मीच तिला झूल घालून ठेवली होती. डोळ्यांना पाणी आलं ते लपवायला चष्मा शोधला, तर तो नेहमीप्रमाणे सापडेना.

आईबाप पोरांना घेऊन एकेक करून निघून गेले. दीक्षानं माझी बाही ओढली.

"आबाजी, सिनेमात आई नाहीच भेटत का?"

आता काय डबिंग सांगणार? "नाही बेटा."

"पण तुमाले भेटली?"

"मला भेटली."

"ठेसनावर?"

"ठेसनावर. आणि लई बोलली."

पोरीनं थोडा विचार केला. मग माझ्या हातातला फोन घेतला आणि पुण्याला लावला. स्पीकर चालूच होता.

"हॅलो, बाबा?" पौर्णिमाचा आवाज आला.

"मम्मी!" दीक्षा खेकसली. "कुठी होती तू इतके दिवस? भाकर थंडी झाली ना!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यातून हसू. "उंटिणीचा सिनेमा पायला वाटते माह्या बाईनं! मलेबी तुहे आबाजी लहानपणी तेच सांगत. शेवटी माय भेटते ना?"

दीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"सिनेमात नाही भेटत, मम्मी," ती म्हणाली. "त्याच्यासाठी सिनेमा अर्धा सोडून गाडी पकडा लागते."

मग पौर्णिमा हळूच म्हणाली, "शनिवारची पकडते. दोन दिवस सुट्टी काढून येते."

दीक्षा फोन कानाला लावून कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि बारा दिवसांचं एकदम बोलायला लागली. आकांक्षानं मला पाणी आणून दिलं. ज्योत्स्ना पदरानं डोळे पुसत माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलेल. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. चार वाजून पस्तीस मिनिटं! सव्वाचारची गाडी गेली!

"ढोके गुरुजी असते," ती म्हणाली, "तं तुमाले इंटरव्हललेच उठवलं असतं!"